पहिला घोट तुमचा

साहेबांना चहा देणं हे आमच्या कचेरीत शिक्षेचं काम समजलं जायचं. कप पुढे केला की ते आधी कपात बघायचे, मग देणाऱ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "पहिला घोट तुमचा." नवख्या माणसाला वाटायचं, साहेब थट्टा करताहेत. साहेबांनी जन्मात कधी थट्टा केली असेल असं मला वाटत नाही. देणाऱ्याने त्याच कपातून एक घोट घ्यायचा, साहेब त्याचा चेहरा नीट न्याहाळणार, आणि मग तोच कप उचलून शांतपणे पिऊन टाकणार. शिपाई असो, हेडक्लार्क असो, नाहीतर डेप्युटी कलेक्टरांच्या घरून स्वतः ट्रे घेऊन आलेल्या वहिनी असोत, कायदा एकच. उष्ट्याचा विचार त्यांच्या डोक्यात शिरत नसे, कारण तिथली जागा विषाच्या विचाराने आधीच अडवलेली होती.

त्यांना विष कोण घालणार होतं आणि कशासाठी, हे आम्हाला कधी कळलं नाही. ते मूळचे कुठले, घरी कोण, हेसुद्धा नाही. विचारलं की म्हणायचे, "कशाला हवंय?"

मी तेव्हा परभणीला कलेक्टर कचेरीत, नाझर शाखेत क्लार्क होते. नाझर शाखा म्हणजे कचेरीतल्या खुर्च्या, कुलपं, किल्ल्या, पडदे आणि झाडू यांचा संसार सांभाळणारी शाखा. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलावं की बदलू नये यावरून सगळा मराठवाडा आतून धुमसत होता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा कुठेतरी एसटीवर दगड. माणसं एकमेकांशी बोलताना आधी समोरच्याचं आडनाव मनातल्या मनात तपासून घ्यायची. अशा वेळी वरती कुणाला तरी वाटलं की सरकारी कचेऱ्यांना नुसतं कुलूप पुरत नाही. एका सरकारी कारखान्याने नवीन घंटापेटी बनवली होती. ती विकत घेण्याआधी वर्षभर वेगवेगळ्या खात्यांच्या कचेऱ्यांत लावून बघायची, आणि त्यासाठी आमचा जिल्हा निवडला. का, तर पेटी फसली तरी परभणीतली बोंब मुंबईला ऐकू जात नाही. हे साहेब त्या चाचणीचे प्रमुख होऊन आले आणि टिपणं घ्यायला, टाइप करायला मला त्यांच्या हाताखाली दिलं.

पेटी दिसायला साधी. भिंतीवर ठोकायची, पुढे एक काचेचा गोल डोळा. डोळ्यासमोरून माणूस हलला की ती अशी किंचाळायची की गावातली कुत्री उत्तर द्यायची. चालू-बंद करायचं किल्लीचं भोक खोलीच्या बाहेर, दाराशेजारच्या भिंतीत. पेटी चालू असली की तिथे लाल दिवा लागायचा. बस्स, एवढाच कारभार. पण लाइट गेली आणि परत आली की ती विनाकारण ओरडायची, आणि आमच्याकडे लाइट जायला काही कारण लागत नसे. कापसाच्या एका खरेदी केंद्रावर तर तिथल्या लोकांनी पेटीच्या भोंग्यात सरळ सरकी काढलेला कापूस कोंबून ठेवला होता. साहेबांनी तो बोटाने बाहेर ओढला, वास घेतला आणि मला म्हणाले, "लिहा बाई. पेटीचा पहिला शत्रू चोर नाही, शेजारी झोपणारा माणूस."

ते स्वतःच्या पेटीवरही भरवसा ठेवत नसत, ही त्यांची खरी गंमत. बाकीचे कंपनीवाले आपला माल म्हणजे सोनं असं सांगत येतात. हे कचेरीत शिरायचे तेच चोरासारखे. दारातून जाणं त्यांना मान्यच नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, अंगात राखाडी सफारी, आणि मागच्या खिडकीतून एक पाय आत टाकून अडकलेला. आत कामाला बसलेले लोक घाबरून उठायचे. बाहेर आमचे ड्रायव्हर गफूरभाई जीपला टेकून विडी ओढत म्हणायचे, "क्या करते बाई, अपना साब पकडा गया तो अपुन बोलेंगे, हम पहचानतेच नहीं."

गफूरभाईंनाही सकाळी कुठे जायचं ते माहीत नसायचं. साहेब रेल्वे फाटकापर्यंत तोंड उघडायचे नाहीत. फाटक आलं की एकदम, "मानवतकडे." कधी सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी मुद्दाम तिकडे, कारण गर्दीत कचेरी कशी वागते ते बघायचं. एकदा राणीसावरगावला जाऊन, गाडीतून न उतरताच परतलो. "कुणीतरी कळवलं होतं," ते म्हणाले. "दारात रांगोळी होती." त्या दिवशी काहीतरी सण होता आणि गावभर रांगोळ्या होत्या, हे मी सांगितलं. त्यावर त्यांचं नेहमीचं उत्तर आलं, "असेल. बघू."

असेल, बघू. या दोन शब्दांवर त्यांचं सगळं चाललेलं. घड्याळात अकरा वाजलेत म्हणालं तरी असेल, बघू. आज तहसीलदार आजारी आहेत, असेल, बघू. रेस्टहाऊसवर झोपताना दाराच्या कडीला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचे. सकाळी तिथला खानसामा चहा घेऊन दार ढकलायचा आणि साहेब अंगठ्याने ओढले जाऊन जागे व्हायचे. तशा अवस्थेतही पहिलं वाक्य तेच, पहिला घोट तुमचा.

मी परपुरुषाबरोबर जीपमधून गावोगाव हिंडते म्हणून माझ्या सासूबाईंच्या पोटात वेगळंच दुखत होतं. त्या मला रोज विचारायच्या, "कोन हाय गं त्यो? बायको हाय का त्येला? का उगंच हिंडायलाय?" शेवटी एकदा साहेब कागदावर सही करायला घरी आले, तेव्हा सासूबाईंनी स्वतः चहा केला. मी मनातल्या मनात हात जोडले. साहेबांनी कपात पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि कायदा सांगितला. सासूबाई पेटल्याच. "माज्या घरचा च्या मलाच प्यायला लावायलाय? येडा हाय का ह्यो मानूस?" पण घोट घेतला हो त्यांनी, रागारागाने. साहेबांनी तोच कप संपवला, सही केली आणि गेले. सासूबाई बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जा बाई तू. ह्या मान्साचं भ्या न्हाई. त्यो तर सोताच्या सावलीला बी पावती मागंल." त्या दिवसापासून मला घरून डबा वेळेवर मिळायला लागला.

मला सुरुवातीला या माणसाचा फार राग यायचा. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाबरोबर दिवस काढणं सोपं नसतं. मी टाइप केलेला कागद ते उजेडात धरून बघायचे. माझ्या टेबलाच्या खणाचं कुलूप जाता-येता ओढून बघायचे. मला वाटायचं, आधीच जिल्ह्यात संशय कमी आहे का, म्हणून सरकारने हा आणखी एक माणूस पगार देऊन पाठवलाय? त्यांचा संशय आणि बाकीच्यांचा संशय यात फरक आहे हे मला एका तालुक्याच्या गावी दसऱ्यानंतर कळलं. गावाचं नाव सांगत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत.

त्या गावच्या तहसील कचेरीत मागच्या भांडारखोलीत आमची पेटी लावलेली होती. राखणीला लिंबाजी नावाचा चौकीदार होता. पन्नाशीच्या आतबाहेरचा, उंच, शब्द मोजून बोलणारा. सगळी कचेरी त्याला लिंब्या म्हणायची. साहेब पहिल्या दिवसापासून लिंबाजीराव म्हणायचे, पण त्यात फार काही नव्हतं. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याला ते नीट नावाने हाक मारत, आणि संशय सगळ्यांवरच होता. लिंबाजी बौद्ध समाजाचा. त्याचा मुलगा कॉलेजात होता आणि नामांतराच्या मोर्चात पुढे चालायचा. ही गोष्ट कचेरीत कुणी मोठ्याने बोलत नसे आणि कुणी विसरतही नसे.

दसऱ्याची सुट्टी संपून कचेरी उघडली तर भांडारखोलीतलं सायक्लोस्टाईल मशीन गायब. ज्यावर एका कागदाच्या शेकडो प्रती निघतात ते. खोलीच्या मागच्या खिडकीचा गज वाकवलेला होता. आम्हाला तार आली आणि आम्ही पोचलो तोवर निकाल लागून गेला होता. तहसीलदारांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि हिशेब समजावला. खिडकीतून चोर आला असता तर पेटी ओरडली असती. पेटी ओरडली नाही. म्हणजे कुणीतरी ती किल्लीने बंद केली. किल्ल्या दोन, एक तहसीलदारांकडे, एक लिंबाजीकडे. गज नंतर वाकवला, दिशाभूल करायला.

"आणि सायक्लोस्टाईलच का नेलं?" तहसीलदार आवाज खाली आणून म्हणाले. "पत्रकं छापायला. पोरगा मोर्चेवाला आहे ना. शिवाय खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशिनरीची पूजा केली, तर हा बाहेर उभा. हात लावला नाही, प्रसाद घेतला नाही. आता काय समजायचं ते समजा. संध्याकाळी फौजदार येतायत, घेऊन जातील."

लिंबाजी व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता. बायको गेटाबाहेर बसलेली, पदर तोंडात धरून. त्या दिवसांत त्या वस्तीतल्या माणसाला फौजदाराने नेलं म्हणजे काय, हे गेटाबाहेरच्या त्या बाईला माहीत होतं आणि आत खुर्च्यांवर बसलेल्या आम्हालाही माहीत होतं. नोकरी जाणार हे तर होतंच.

साहेब उठले आणि व्हरांड्यात गेले.

"लिंबाजीराव, तुमच्याकडे किल्ली होती?"

"व्हती जी."

"पेटी बंद केली?"

"न्हाई जी. सांजच्याला चालू केली. लाल दिवा लागला. मंग म्होरल्या दारात बसलो. काय बी वाजलं न्हाई."

"तुमच्या मुलाला मशीन हवं होतं?"

लिंबाजीने पहिल्यांदा मान वर केली. "त्येला नोकरी पायजे साहेब. मशीन घिऊन काय करंल?"

"असेल. बघू."

मला त्यांची चीड आली. एवढ्या खचलेल्या माणसालाही असेल, बघू? पण साहेब तिथून तसेच वळून आत आले, तहसीलदारांसमोर उभे राहिले आणि अगदी त्याच आवाजात म्हणाले, "तुमच्याकडे किल्ली होती?"

"अहो, म्हणजे काय?"

"पेटी बंद केली?"

"तुम्ही कुणाशी बोलताय, साहेब? मी तालुका दंडाधिकारी आहे."

"तुमच्या घरी कुणाला मशीन हवं होतं?"

तहसीलदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कोपऱ्यातल्या कारकुनांनी कागदांत डोकी घातली. तहसीलदार कसंबसं "नाही" म्हणाले. साहेब म्हणाले, "असेल. बघू." आणि खिडकीकडून आत शिरायला मागे निघून गेले.

आम्ही सगळे भांडारखोलीच्या दारात जमलो. बाहेरच्या भिंतीत लाल दिवा लागलेला होता. पंचनाम्यासाठी बंद केलेली पेटी साहेबांनी किल्लीने पुन्हा चालू करायला लावली होती. साहेब वाकलेल्या गजातून अंग आत काढायला लागले. मी सवयीने कानांवर हात ठेवले. साहेब आत उतरले, खोलीभर फिरले, पेटीसमोर उभे राहून त्यांनी दोन्ही हात हलवले. पेटी गप्प. लाल दिवा लागलेला आणि पेटी गप्प.

"बिघडवली म्हणजे!" तहसीलदार म्हणाले.

साहेबांनी स्टूल मागितलं. वर चढून पेटीच्या डोळ्यापाशी नाक नेलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मग मला हाक मारली, "बाई, या. बघा आणि लिहा." ते उतरले, मी चढून बघितलं. काचेच्या डोळ्यावर मधोमध हळदीकुंकवाचा आणि गंधाचा जाड थर वाळून बसला होता. त्यात अक्षतांचे दाणेसुद्धा चिकटलेले होते. वरून झेंडूचं फूल डोळ्यावर लोंबत होतं.

हे तिथे दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर होतं. पण दसऱ्यानंतर कुठल्याही सरकारी कचेरीत जाऊन बघा. घड्याळाला हळद, टाइपरायटरला हळद, शिक्क्यांना हळद, जीपच्या बॉनेटला हळद. फौजदाराचा जमादार पंचनामा करून गेला तेव्हा त्यालाही पेटीवर हळदकुंकू दिसलं असेल आणि ते बरोबर वाटलं असेल. सगळीकडे दिसणारी गोष्ट कुणालाच दिसत नाही. आता पेटीला कपाळ कुठलं? पुढे एक काचच तेवढी. पूजा करणाऱ्याने देवाच्या कपाळाला लावावं तसं भक्तिभावाने तिच्यावर बोट टेकवलं होतं, आणि पेटी त्या दिवसापासून आंधळी होती. त्यानंतर तिच्यासमोरून चोर काय, वरात गेली असती.

"पूजा कुणी केली?" साहेबांनी पुन्हा स्टुलावर चढून विचारलं.

सगळे तहसीलदारांकडे बघायला लागले.

"मी केली," तहसीलदार म्हणाले. "दरवर्षी मीच करतो. त्यात काय झालं?"

साहेबांनी रुमाल ओला करून काच पुसली. खाली उतरायला पाय हलवला आणि पेटी अशी किंचाळली की स्टूल माझ्या हातून सुटता सुटता राहिलं. गेटाबाहेरची लिंबाजीची बायको घाबरून उभी राहिली. साहेबांनी किल्ली फिरवून पेटी गप्प केली आणि तहसीलदारांना म्हणाले, "आता हळदकुंकू मागवा. नवमीला लावलं तसंच लावा."

तहसीलदारांनी लावलं. घाम फुटला होता त्यांना. किल्ली फिरली, लाल दिवा लागला, साहेब पुन्हा खोलीभर फिरले. पेटीने हूं की चूं केलं नाही.

तहसीलदारांनी मग साहेबांना बाजूला घेतलं, पण दाराजवळच, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "साहेब, वातावरण कसं आहे बघताय ना? पूजेमुळे चोरी झाली असं कागदावर आलं तर लोक काय म्हणतील? पेटीत बिघाड होता असं लिहा. मिटलं."

"पेटीत बिघाड नव्हता," साहेब म्हणाले. "जे तिने केलं नाही ते मी तिच्या नावावर कसं लिहू?"

"मग लिंब्याचं ते किल्लीचं तसंच राहू द्या. तुमची पेटीही पास होईल. कारखान्याला तेच पाहिजे असेल."

हे खरं होतं. मला माहीत होतं की कारखान्याकडून साहेबांना पत्रामागून पत्रं येत होती, लवकर पास करा म्हणून. लिंबाजीचं नाव राहिलं की पेटी निर्दोष, तहसीलदार निर्दोष, पूजा निर्दोष. सगळ्यांचं भलं होत होतं, एक माणूस सोडून.

साहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागले. "पेटी आंधळी होती, त्यामुळे किल्लीचा पुरावा संपला. खिडकीतून कुणीही येऊ शकत होतं. म्हणजे आता संशय सगळ्यांवर. तुमच्यावर, हेडक्लार्कवर, या बाईंवर, माझ्यावर. लिंबाजीरावांवरसुद्धा. पण त्यांच्या एकट्यावर नाही." मग थांबून म्हणाले, "आणि ते पूजेला हात लावायला आले नाहीत म्हणता ना? मग डोळा आंधळा करण्यात ज्याचा हात नाही असा या कचेरीत तो एकच माणूस. लिहा बाई."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

संध्याकाळी फौजदार आले. कागद वाचून त्यांनी सगळ्यांचे जबाब घेतले, हेडक्लार्कचा आणि खुद्द तहसीलदारांचासुद्धा. लिंबाजी आपल्या पायांनी आपल्या घरी गेला. ते मशीन शेवटपर्यंत सापडलं नाही आणि चोरही नाही. लिंबाजीनेच नेलं नसेल कशावरून, असं मी एकदा चिडवायला म्हणून साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "असेल. नसेल. ते माहीत नाही म्हणूनच तर त्याला नेता येत नाही." आमच्या जिल्ह्यात तेव्हा सगळ्यांना सगळं आधीच माहीत असायचं. माहीत नाही असं सरळ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला होता, आणि त्या दिवसापासून मला त्यांचा राग आला नाही.

साहेबांनी अहवालात पेटी नापास केली. आपण आंधळे झालो हे ज्या पेटीला कळत नाही ती राखणीच्या कामाची नाही, असं ते वाक्य होतं. कारखान्याने त्यांना ताबडतोब परत बोलावून घेतलं. चाचणी गुंडाळली. भिंतींवर पेट्या गंजत राहिल्या आणि पुढे कित्येक दसऱ्यांना लोक त्यांना हळदकुंकू लावत राहिले. लिंबाजी त्याच कचेरीतून रिटायर झाला. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला तेव्हा त्याचा मुलगा पेढे घेऊन माझ्याकडे आला होता. साहेबांचा पत्ता त्याने विचारला. तो कुणाकडेच नव्हता.

साहेब परभणीहून गेले तेव्हा दुपारची गाडी होती. मी, गफूरभाई आणि अनपेक्षितपणे लिंबाजी, एवढेच स्टेशनवर पोचवायला. लिंबाजी तालुक्याहून सकाळच्या एसटीने आलेला, स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट घालून. साहेब आपल्या ट्रंकेचं कुलूप ओढून बघत होते. गफूरभाईंनी सांगितलं, "साब, गाडी टाइम पे है बोलते." साहेब रुळांकडे बघत म्हणाले, "असेल. बघू."

लिंबाजी स्टॉलवर गेला आणि चहा घेऊन आला. कप दोन्ही हातांत धरून त्याने साहेबांसमोर केला. साहेबांनी कपात बघितलं, लिंबाजीकडे बघितलं.

"पहिला घोट तुमचा."

लिंबाजीचा हात तसाच राहिला. त्याने आधी साहेबांकडे पाहिलं, मग आजूबाजूला. बाकावर कचेरीतले दोघे-तिघे ओळखीचे बसले होते, गावाकडची दोन माणसं फेटे बांधून उभी होती. सगळे बघत होते. "साहेब, मी?" तो हळूच म्हणाला. "माजा उष्टा व्हईल की."

"मग कुणाचा? चहा तुम्ही आणलाय ना?"

लिंबाजीने डोळे मिटून एक घोट घेतला. साहेबांनी नेहमीसारखं त्याच्या चेहऱ्याकडे नीट न्याहाळून पाहिलं. मग कप त्याच्या हातून घेतला, त्याच काठाने तोंडाला लावला आणि सगळा चहा संपवला. बाकावरचा एक जण उठून दुसरीकडे जाऊन बसला. साहेबांना त्यातलं काही दिसलं नाही.

"साखर जास्त आहे," ते लिंबाजीला म्हणाले, आणि रिकामा कप त्याच्या हातात दिला.